परत : मजा संपेल तेव्हा

शनिवार, १ फेब्रुवारी

गेल्या वर्षीच्या ड्यूटी-तक्त्याच्या वहीची मागची पानं कोरी राहिली होती, त्यांत लिहायला बसले आहे. बस आगाराच्या वेळापत्रक विभागात माझी सतरा वर्षं गेली. रोज दोनशे सदुसष्ट फेऱ्या मी लिहिलेल्या मिनिटाला सुटतात आणि बऱ्याचशा मिनिटाला परतही येतात. अशा बाईला दोन मुलांना बागेत न्यायची धास्ती वाटते, हे कुणाला सांगितलं तर हसतील. म्हणून वहीला सांगते.

परिस्थिती अशी. लग्नाला चार महिने झाले. माझं पहिलं, तेही एक्केचाळिसाव्या वर्षी, त्याचं दुसरं. तो लिफ्ट दुरुस्त करतो. आमच्या ऑफिसची लिफ्ट सारखी बंद पडायची, तिथेच ओळख झाली. लिफ्ट अजूनही बंद पडते, त्यामुळे कामात किती हुशार ते विचारू नये, पण माणूस सोन्यासारखा आहे. त्याची पहिली बायको दोन वर्षांपूर्वी अचानक गेली. मुलं दोन. ताई नऊ वर्षांची, ढब्बू पाच. ढब्बू मला 'बसकाकू' म्हणतो. ताई काहीच म्हणत नाही. माझ्याशी काम असलं की समोर येऊन उभी राहते आणि मी बघेपर्यंत थांबते.

आज मुलांच्या मावशीचा फोन आला. ती दुसऱ्या गावी असते. घर मोठं, अंगण आहे, मूलबाळ नाही. म्हणाली, परीक्षा संपली की मुलांना माझ्याकडे द्या, कायमची. तिकडची शाळासुद्धा बघून ठेवली आहे. नवरा 'नाही' म्हणाला नाही. म्हणाला, "ताईला विचारू. ती म्हणेल तसं. ती गेली की ढब्बू तिच्या मागे जाईलच." मावशी बावीस मार्चला येणार, दोन दिवस राहणार आणि चोवीसला निघताना ताईला विचारणार.

म्हणजे माझ्या हातात आठ रविवार. रविवारी नवऱ्याला लिफ्टच्या तक्रारींसाठी तयार राहावं लागतं, तो गावात कुठे येऊ-जाऊ शकत नाही. मुलं मला ओळखतात ती डबे भरून धावत सुटणारी बाई म्हणून. आता आठ रविवार मी त्यांना उन्हात, वाऱ्यात, गवतात घेऊन जाणार. मला ही मुलं हवी आहेत. लिहून टाकलं.

रविवार, २ फेब्रुवारी

काल रात्रीच तक्ता करून फ्रिजवर लावला. 'फेरी क्रमांक १ : मोठी बाग. घर सोडणे ९.४०. बस ९.५२. झोपाळे. डबा १२.३०.' शेवटच्या ओळीवर हात थांबला. आठवडाभर मी लोकांच्या परतीच्या वेळा लिहिते. चालकांच्या शिव्या खाते त्या परतीच्या वेळांवरूनच. घरच्या सहलीला तरी ती बेडी नको. म्हणून लिहिलं, 'परत : मजा संपेल तेव्हा'. माझं मलाच कौतुक वाटलं.

सकाळी बघते तर त्या ओळीपुढे पेन्सिलीनं '६?' लिहिलेलं. अक्षर ताईचं. निघायच्या आधीच घरी यायची घाई! मी ते खोडलं आणि हसत म्हटलं, "आज घड्याळ घरी ठेवायचं."

बाग छान होती. ढब्बू घसरगुंडीवरून सतरा वेळा आला. ताई झोपाळ्यावर बसली, पण झोका न घेता. दर थोड्या वेळानं येऊन समोर उभी.

"काय गं?"

"किती वाजता परत यायचं?"

"वाटेल तेव्हा. तुला कंटाळा आला का?"

"नाही."

पाच वाजता तिनं माझा फोन मागितला. "बाबांना लावायचाय." लांब जाऊन, तोंडावर हात धरून बोलली. अर्धं मिनिट. बापाकडे माझी तक्रार करायला इतका वेळ पुरतो म्हणायचा. संध्याकाळी त्याला विचारलं, काय म्हणाली? तो म्हणाला, "काही नाही, काय करताय विचारलं." त्याला खोटं बोलता येत नाही, पण सांभाळून घेता येतं.

सोमवार, ३ फेब्रुवारी

ऑफिसात ड्रायव्हरकाकांना सांगितलं. तीस वर्षं गाडी चालवून गुडघे गेले म्हणून आता ते आमच्याकडे टेबलावर असतात. म्हणाले, "बाई, पहिल्याच फेरीत गाडी भरत नसते. रूट लोकांना माहीत व्हावा लागतो." मी म्हटलं, आठच फेऱ्या आहेत, मग रूट बंद. ते चहा ढवळत राहिले.

रविवार, ९ फेब्रुवारी

फेरी क्रमांक २ : तळं. होड्या आहेत, काठावर झाडं आहेत, बदकं आहेत. ब्रेडची अख्खी लादी नेली होती, ती बदकांपेक्षा ढब्बूनं जास्त खाल्ली.

ताईनं होडीत बसायला साफ नकार दिला. कारण सांगेना. मी तिला काठावर माझ्या नजरेच्या टप्प्यात बसवलं आणि ढब्बूला घेऊन गेले. परत काठाला लागलो तसा तो म्हणाला, "अजून एकदा!" मी हो म्हणणार तोच ताई धावत आली आणि त्याला दंडाला धरून होडीतून ओढलं. "एकच फेरी असते. एकच." तो रडायला लागला. तिनं त्याला चिमटासुद्धा काढला, मी पाहिला.

मग मात्र मी बोलले. "तुला नको तर नको, पण त्याचा आनंद का घालवतेस?" तिनं त्याचा दंड सोडला. फोनसाठी हात पुढे केला. मी दिला. पुन्हा अर्धं मिनिट.

बसमध्ये ती खिडकीला टेकून बसली होती आणि मी तिच्या मानेकडे बघत विचार करत होते, की एवढ्याशा पोरीत इतका हट्ट येतो कुठून. मावशीनं तिकडून काही पढवून ठेवलं असेल का? असेल. मी मावशीच्या जागी असते तर कदाचित मीही पढवलं असतं. आज स्वतःचाही रागच आला.

रविवार, १६ फेब्रुवारी

आज माझीच गाडी बंद. सकाळपासून डोकं ठणकत होतं. नशिबानं नवऱ्यानं एका जोडीदाराबरोबर पाळी बदलून घेतली होती. म्हटलं, तू ने मुलांना मैदानावर, मी पडते जरा.

ताई जायला तयार नाही. बाप स्वतः नेतोय, फुटबॉल घेतलाय, तरी नाही. "मी घरीच." शेवटी ते दोघे गेले आणि ही बसली माझ्या खोलीच्या दाराशी पुस्तक घेऊन. वाचायचं ते मोठ्यानं. मी जरा डोळा लावला की, "झोपलात का?" मी हं म्हटलं की पुन्हा वाचन. असं चार वेळा. पाचव्यांदा मी उत्तर दिलं नाही, तर आत येऊन माझ्या खांद्याला हलवलं. पाण्याचा पेला आणला होता, तो अर्धा चादरीवर सांडला.

"अगं, झोपू दे ना मला."

"बरं," म्हणाली आणि दारात जाऊन उभी राहिली.

मला एकटीला सुखानं पडूही द्यायचं नाही, असं ठरवलेलं दिसतं. तीन रविवार गेले, आणि जमेला काय म्हणाल तर ओली चादर.

रविवार, २३ फेब्रुवारी

नदीकाठचा रस्ता, सायकली भाड्यानं. तक्त्यावर पेन्सिलीनं '५?'. खोडलं. सव्वापाचला फोन. ढब्बू सायकलवरून पडून गुडघा फोडून घेऊन आला. तेवढाच आजचा आनंद, कारण तो रडत माझ्याकडे आला, ताईकडे नाही. पोराचा गुडघा फुटला आणि मला बरं वाटलं, ही माझी पातळी.

रविवार, २ मार्च

आज लिहिल्याशिवाय चालणार नाही.

फेरी क्रमांक ५ : टेकडी. मी ठरवलं होतं, आज तो फोन नाही. एक दिवस ही मुलगी बापाच्या आधाराशिवाय माझ्याजवळ राहिली पाहिजे. टेकडीवर पोचल्यावर फोन बंद करून पिशवीच्या तळाशी टाकला. पाच वाजता ती आली, हात पुढे केला. मी म्हटलं, "बॅटरी संपली गं."

तिनं माझ्याकडे बघितलं. पिशवीकडे बघितलं. आणि गेली.

मी ढब्बूच्या पतंगाचा गुंता सोडवत होते. दहा मिनिटं असतील, पंधरा असतील. मान वर केली तर ताई नाही. झाडांमागे नाही, पाण्याच्या टाकीपाशी नाही. हाका मारल्या. टेकडीवरच्या लोकांना विचारलं. एक फुगेवाला म्हणाला, एक मुलगी पळत खाली गेली खरी.

त्या पायऱ्या मी ढब्बूला कडेवर घेऊन कशा उतरले ते मला माहीत नाही. फोन चालू करून आगाराच्या कंट्रोल रूमला लावला. ढब्बू म्हणाला, "बसकाकू, बॅटरी आली?" त्याला काय सांगणार.

टेकडीच्या पायथ्यावरून आमच्या घराकडे जाते ती चौदा नंबर. पाच वीसची गाडी. वेळ मीच लिहिलेली आणि ताईला तो नंबर पाठ करून दिलेलाही मीच, उगाच हुशारी म्हणून. अकरा मिनिटांनी कंट्रोलचा उलट फोन आला. मुलगी गाडीत आहे, वाहकाजवळच्या सीटवर बसली आहे, सारखी विचारते आहे गाडी किती वाजता पोचेल. वाहकानं तिकीट विचारलं तर म्हणाली, "आमच्या घरातली बाई तुमच्या वेळा लिहिते." जीव भांड्यात पडला. आणि लगेच मनात आलं, आमच्या घरातली बाई. कामाला येणाऱ्या बाईला म्हणतात तसं.

घरी पोचलो तर ती जिन्यात, आमच्या दाराला चिकटून उभी. कुलूप बाहेरून नव्हतं, दार नुसतं ओढून घेतलेलं, त्यामुळे आत कुणी आहे की नाही बाहेरून कळत नाही. नवरा कुठल्याशा इमारतीत अडकलेली लिफ्ट सोडवायला गेला होता. ताई बेल दाबत होती. किती वेळ दाबत होती कोण जाणे, बोटाचं टोक पांढरं पडलं होतं.

"आत कुणी उठत नाहीये," म्हणाली.

मी किल्लीनं दार उघडलं. ती पळत आत गेली, दोन्ही खोल्या बघितल्या, न्हाणीघर बघितलं, पलंगाच्या पलीकडे वाकून बघितलं. मग खाली बसली. मी ओरडले. आयुष्यात कुणावर ओरडले नसेन इतकी ओरडले. काय काय बोलले ते इथे लिहिणार नाही. ती नुसती बसून राहिली, आणि मला तर वाटलं की हिला आपल्या बोलण्याचं काहीच वाटत नाही.

सातला नवरा आला. त्याला बघितल्यावर ती त्याच्या ग्रीसनं माखलेल्या शर्टात तोंड खुपसून जी रडली, ती ढब्बूही रडायला लागेपर्यंत.

सोमवार, ३ मार्च

रजा टाकली. मुलं शाळेत गेल्यावर नवऱ्याला समोर बसवलं. म्हटलं, ही मुलगी मला सोडून पळते, हे मी समजू शकते. पण न्हाणीघरात काय बघत होती?

तो नखातलं ग्रीस काढायला लागला. मग म्हणाला, त्यांची आई गेली तो रविवार होता. सकाळी तिचं डोकं दुखत होतं. मावशी आलेली होती. तिला म्हणाली, तू मुलांना ने, मी पडते जरा. हा कामावर. मावशी मुलांना तळ्यावर घेऊन गेली. सहाला येणार होते, साडेसातला आले. बेल दाबली, दार कुणी उघडेना. शेजाऱ्यांनी दार तोडलं. ती न्हाणीघरात पडली होती. डॉक्टर म्हणाले, डोक्यात रक्तस्राव.

"हे तू मला कधी सांगितलं नाहीस."

"सांगण्यासारखं काय त्यात? मुलं घरी नव्हती हे बरंच झालं, असं मी समजत होतो."

डोकं. मी पडते जरा. तळं. सहा. पाच रविवार मी हे शब्द एकेक करून त्या पोरीपुढे टाकले होते, आणि तिनं लिहिलेला सहा तर खोडलाच होता. ओल्या चादरीची तर मी तक्रार लिहिली आहे याच वहीत, चार पानांमागे. ते पान फाडावं असं वाटलं. नाही फाडलं. राहू दे, माझा शहाणपणा मला दिसत राहू दे.

बापाला फोन लावून ती एवढंच बघत होती, की उचलतोय का.

बुधवार, ५ मार्च

ताईची माफी मागितली. बॅटरी संपली नव्हती, मी खोटं बोलले, असं सरळ सांगितलं. ती म्हणाली, "मला माहीत होतं. बसमध्ये बघितलं होतं, बॅटरी भरलेली होती." आईबद्दल मी बोलले नाही. ते दार तिचं आहे, तिनं उघडलं तर जाईन.

रविवार, ९ मार्च

फेरी क्रमांक ६ : पुन्हा मोठी बाग. तक्त्यावर शेवटची ओळ, 'परतीची बस ५.१०. घरी ५.३४.' खाली मोकळी जागा ठेवली. सकाळी तिथे पेन्सिल नव्हती.

बाग तीच, झोपाळे तेच. आज तिनं झोका घेतला, उंच, पाय आभाळात. दोनदा येऊन उभी राहिली, मी विचारायच्या आतच म्हटलं, "पाच दहा." ती परत पळाली. पाचला मी स्वतःच फोन पुढे केला. नवऱ्याला आधीच दम देऊन ठेवला होता, दुसऱ्या बेलच्या आत उचलायचा, लिफ्टमध्ये लोक अडकले असले तरी.

पाच बत्तीसला दारात. दोन मिनिटं आधी. सतरा वर्षांत कुठल्या गाडीचा मला इतका अभिमान वाटला नव्हता.

पण मनातून सांगायचं तर उरले दोनच रविवार. पोरीचं दुखणं कळलं म्हणून ती आपली होते असं थोडंच आहे. उलट मला वाटायला लागलंय की ती मावशीकडे गेली तर बरं होईल का? तिथे तळं नाही, हे घर नाही, ते न्हाणीघर नाही. मुलं हवीत म्हणून मी इतकी धडपडते, की मला हरायचं नाही म्हणून? प्रामाणिक उत्तर : दोन्ही.

रविवार, १६ मार्च

कुठे जायचं ते मुलांनी ठरवायचं असं सांगितलं. ढब्बू म्हणाला, "बसांचं घर." म्हणजे आगार. ताईनंही मान डोलावली.

रविवारी आवारात निम्म्या गाड्या उभ्या असतात. धुण्याच्या कट्ट्यावर पाण्याचे फवारे, डिझेलचा वास, कडेला एक मोठं झाड. डबा झाडाखाली खाल्ला. ड्रायव्हरकाकांची ड्यूटी होती. त्यांनी ढब्बूला पाइप धरायला दिला, त्यानं गाडी सोडून सगळं धुतलं. मग काकांनी ताईला चालकाच्या सीटवर बसवलं. मी खाली उभी होते, दार उघडं होतं, ऐकू येत होतं.

ती म्हणाली, "गाडी उशिरा पोचली तर चूक कुणाची?"

"माझी. नाहीतर रस्त्याची. तुझ्या या बाईंचा तक्ता चुकला तर त्यांची, पण तसं आम्ही तोंडावर बोलत नाही."

"आणि आत बसलेल्या मुलानं सांगितलं थांबा म्हणून, तर?"

काका हसले. "अगं, मागच्या सीटवरची पोरं रोजच सांगतात. थांबवायची की नाही ते चालवणाऱ्याच्या हातात असतं. पोराचं नाव कुणी रजिस्टरात लिहीत नाही."

ती स्टिअरिंग धरून बसली बराच वेळ.

परतीच्या बसमध्ये ढब्बू माझ्या मांडीवर झोपला. ताई शेजारी. बाहेर बघत म्हणाली, "मीच म्हटलं होतं."

"काय?"

"अजून एकदा होडीत. मावशी निघत होती. सहा वाजून गेले होते. मी म्हटलं, अजून एकदा. मग पुन्हा म्हटलं." थोड्या वेळानं म्हणाली, "तू कुणाला सांगू नकोस."

पिशवीत एक केळं उरलं होतं, ते सोलून दिलं. तिनं अर्धं खाल्लं आणि अर्धं मला दिलं. शेवटी मी म्हटलं, "तुझी चूक नव्हती." ती म्हणाली, "तुला काय माहीत, तू तिथे नव्हतीस." खरंच आहे. मी नव्हते.

शनिवार, २२ मार्च

मावशी आली. मनात मी तिचं जे चित्र काढलं होतं, त्यापेक्षा ठेंगणी आणि थकलेली. ढब्बूसाठी स्वतः विणलेला स्वेटर आणलाय, तोही दोन वर्षांपूर्वीच्या मापाचा. त्याच्या पोटावर येईना. तिनं तो उसवायला घेतला आणि उसवता उसवता डोळे पुसायला लागली.

दुपारी मुलं बापाबरोबर खाली खेळायला गेली तेव्हा स्वयंपाकघरात मला म्हणाली, "तुम्हाला वाटत असेल, ही कोण आली मुलं न्यायला."

"वाटतं," मी म्हटलं. खोटं कशाला बोला.

"मी त्या दिवशी सहाला निघायला हवं होतं. तळ्यावर वारं छान होतं. बऱ्याच दिवसांनी मी जराशी निवांत बसले होते. उठावंसं वाटेना." ओट्याची कड दोन्ही हातांनी धरली होती तिनं. "वेळेत आले असते तर डॉक्टर मिळाला असता. आता निदान तिची मुलं तरी सांभाळते. एवढं तरी मला करू द्या."

एकाच तळ्याच्या काठावरचं ओझं या दोघी दोन वर्षं वेगवेगळं वाहताहेत आणि एकीला दुसरीचं माहीत नाही. जीभ वळवळत होती. पण ताईनं सांगितलंय, कुणाला सांगू नकोस.

उद्याचा आठवा रविवार माझा होता. त्यासाठी काय काय ठरवलं होतं! मी म्हटलं, "उद्या तुम्ही आणि ताई, दोघीच जा. तळ्यावर."

ती एकदम पांढरी पडली. म्हणाली, "ती नाही यायची."

"विचारून बघा. आणि तिथे बसून ती काय बोलेल ते ऐका. तुम्ही आत्ता मला सांगितलंत ते तिलाही सांगा."

रात्री नवरा म्हणाला, "उद्या त्या दोघी एकमेकींच्या गळ्यात पडल्या तर परवा मुलं गेलीच म्हणून समज." हात दाखवून अवलक्षण, म्हणतात ते हेच. मला कळतंय. पण दुसरं काही करावंसं वाटलं नाही.

रविवार, २३ मार्च

ताईनं खूप वेळ विचार केला आणि हो म्हणाली. तक्ता मागितला. मी लिहून दिला, 'परतीची बस ५.२५. घरी ६.००.' तिनं घडी घालून खिशात ठेवला.

ढब्बू नवऱ्याबरोबर खालच्या मैदानावर. मी घरी. पहिल्यांदाच कळलं की परत येणाऱ्यांची वाट बघणं हे किती वाईट काम आहे. पाच वाजता कपाट लावलं. साडेपाचला तेच पुन्हा लावलं. सहा वाजले, पाच मिनिटं झाली, दहा झाली. सहा बाराला फोन वाजला. मावशीचा नंबर, आवाज ताईचा.

"आम्ही अजून तळ्यावरच आहोत. ती बस सोडली. मावशी रडतेय, म्हणजे मघाशी रडत होती, आता होडीत बसायचं म्हणतेय. उशीर होईल."

"होऊ दे. बाबा खाली आहेत, बोलावू का?"

"नको. तुलाच केलाय." मग विचारलं, "तुझं डोकं नाही ना दुखत?"

"नाही गं."

"नक्की?"

"नक्की. दार उघडंच ठेवते."

"बरं. मग येतो आम्ही," म्हणाली आणि फोन ठेवला.

किती वाजता येणार ते तिनंही सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. पावणेआठला दोघी आल्या, ओल्या चपला हातात घेऊन. मावशीचा चेहरा सुजलेला आणि हलका. दोघींनी मिळून जेवायला घेतलं आणि एकमेकींच्या ताटात वाढत राहिल्या. मी मनाची तयारी करून टाकली. मुलांच्या कपड्यांसाठी मोठी बॅग माळ्यावरून काढावी लागेल.

सोमवार, २४ मार्च

चहाच्या वेळी मावशीनं विचारलं. माझ्यासमोर, नवऱ्यासमोर, आढेवेढे न घेता. "येतेस माझ्याकडे राहायला?"

ताई बिस्किट बुडवत होती. ते पूर्ण खाऊन झाल्यावर म्हणाली, "सुट्टीत येते ना. पंधरा दिवस, आम्ही दोघं. कायमचं नाही जमणार."

"का गं?"

"रविवारी हिच्याकडे कोण बघणार?" माझ्याकडे हनुवटी उडवून म्हणाली. "बाबा लिफ्टमध्ये असतात. हिला बसच्या वेळा येतात तेवढंच. बाहेर नेते आणि परत कधी यायचं तेच ठरवत नाही. डोकं दुखलं तर नुसती झोपून राहते, हाक मारली तरी ओ देत नाही. आणि फोन बंद करून ठेवते. हिला एकटीला नाही सोडता येत."

मावशी हसायला लागली. हसता हसता माझा हात धरला तिनं. नवरा चहात बघत होता. ढब्बू म्हणाला, "हो, आणि खोटी बॅटरी सांगते."

सतरा वर्षांच्या नोकरीत इतके दोष कुणी एका दमात काढले नव्हते माझे. एकही खोडून काढता आला नाही. मी उठले, स्वयंपाकघरात गेले, दार लोटून घेतलं आणि मनसोक्त रडले.

पाच मिनिटं झाली नसतील, ताईनं दार ढकललं आणि विचारलं, "काय करतेयस?"